जुनी अबार्थ पुंटो: गिअरबॉक्सची घरघर आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज

बार्देसकर

नमस्कार मंडळी. २०१६ ची अबार्थ पुंटो सेकंडहँड घेतली आहे, मीटर ५८ हजारांवर. आधीचे मालक तारवटी (जहाजावर नोकरीला), त्यामुळे गाडी बाणावलीला वर्षातले बरेच महिने उभीच असायची. इंजिन छान ओढतं. तक्रारी चार आहेत.

न्यूट्रलमध्ये आयडलिंगला गिअरबॉक्सच्या बाजूने घरघर येते, क्लच दाबला की बंद होते. पन्नासच्या पुढे 'घुंई' असा आवाज सुरू होतो आणि वेगाबरोबर चढत जातो. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर करकरतो, दहा मिनिटांनी नीट पडतो. आणि अ‍ॅव्हरेज: म्हापसा-पणजी रोजच्या धावपळीत ९.५, हायवेला १२. कंपनीचा आकडा १६.३ आहे.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, पेटी (म्हणजे गिअरबॉक्स) उतरवून सगळी बेअरिंगं बदला, आवाज जाईल आणि अ‍ॅव्हरेजही परत येईल. उतरवायची का?

पेटीवाला

बार्देसकरबाब, अजून नाही. तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टींची मुळं चार वेगळ्या जागी असू शकतात. पेटी उतरवणं हा शेवटचा उपाय. आधी कुठल्या वेळी काय फिरत असतं ते पाहा, आवाजाची जागा त्यातूनच कळते.

गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला: इंजिनबरोबर इनपुट शाफ्ट फिरतो. त्याच्या दात्यांत कायम गुंतलेले आउटपुट शाफ्टवरचे गिअरही मोकळे फिरत राहतात. आउटपुट शाफ्ट, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल हे सगळं थांबलेलं असतं. क्लच दाबला की इनपुट शाफ्ट एक-दोन सेकंदांत थांबतो आणि भार रिलीज बेअरिंगवर येतो. म्हणजे क्लच दाबल्यावर जाणारा आवाज इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा किंवा मोकळ्या गिअरांच्या खडखडीचा. क्लच दाबल्यावर *सुरू* होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा. तुमचा पहिला प्रकार आहे, तेव्हा रिलीज बेअरिंग सध्या निर्दोष धरा.

आता बेअरिंग की खडखड? इंजिन गरम करा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि आयडलिंगवरून हळूहळू १५०० आरपीएमपर्यंत न्या. मोकळ्या दात्यांची खडखड ही इंजिनच्या धक्क्यांमुळे येते, ती अनियमित असते आणि १२०० च्या वर बहुधा विरते. एसी लावला-बंद केला तरी तिच्यात फरक पडतो. बेअरिंगचा आवाज मात्र आरपीएमबरोबर सूर चढवत जातो, विरत नाही, आणि तेल गरम होऊन पातळ झालं की जास्त उघडा पडतो. लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोक पेटीच्या घरावर, मूठ कानाच्या हाडाला लावून ऐका. आधी इंजिनकडच्या बाजूला, मग टोकाच्या झाकणाकडे. बाही आणि केस पंखा-बेल्टपासून लांब ठेवा.

चालत्या गाडीच्या चाचण्या दोन. सपाट रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, ६० ला घुंई येत असताना क्लच दाबून न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत जाते. आवाज तसाच राहिला तर तो चाकं, टायर, अ‍ॅक्सल किंवा डिफरन्शियलकडचा, म्हणजे गाडीच्या वेगाशी बांधलेला. गेला किंवा बदलला तर गिअरांच्या बाजूचा. दुसरी चाचणी: तोच वेग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यात धरून पाहा. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरचे दाते किंवा त्याखालचं नीडल बेअरिंग. सगळ्यांत सारखा येत असेल तर शाफ्टची बेअरिंगं किंवा पेटीबाहेरचं काही.

प्रत्येक गिअरमध्ये ओढताना आणि अ‍ॅक्सलरेटर सोडून उतरताना काय फरक पडतो तेही टिपा. ओढताना दात्यांची एक बाजू भार घेते, सोडल्यावर दुसरी. फर्मागुढीचा चढ आणि उतार यासाठी पुरेसा आहे.

वेर्णा_लॅप

एक गोष्ट जोडतो. नेटवर सर्रास सल्ला दिसतो की 'चौथ्यात आवाज जातो का पाहा, गेला तर काउंटर शाफ्ट'. तो मागच्या चाकांना जोर देणाऱ्या, लांबट पेटीच्या गाड्यांसाठी आहे. त्यांच्यात एका गिअरमध्ये शाफ्ट थेट जोडला जातो, दाते भार घेतच नाहीत. पुंटोची पेटी आडवी, पुढच्या चाकांची. तिच्यात प्रत्येक गिअर दोन शाफ्टांमधूनच जातो, थेट गिअर नाही. ती चाचणी इथे लावू नका, चुकीचं उत्तर येईल.

तिसवाडीची_चाकं

घुंई हा शब्द वाचला की मी आधी टायरकडे बघायला सांगते. गाडी महिनोन्महिने उभी होती म्हणता, तर टायरला सपाट डाग पडले असणार, आणि कडेच्या ठोकळ्यांवर करवतीसारखे दाते झाले असतील तर बेअरिंगसारखाच आवाज येतो. टायरवरून तळहात पुढे आणि मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागलं तर टायर दोषी. बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा कोड बघा: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचं रबर खाचांना खोली असली तरी कडक होतं, आणि कडक रबर ओरडतं.

रस्त्याचा पोत बदलल्याबरोबर आवाज बदलतो का? डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायर. बेअरिंगला रस्त्याच्या पोताशी देणंघेणं नसतं.

चाकाच्या बेअरिंगची परीक्षा: ६० ला, मोकळ्या रुंद रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुकवा. डावीकडे वळवल्यावर भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उलट झालं तर डावं. नंतर गाडी जॅकवर, खाली स्टँड लावून, एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच चाकाच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची थरथर स्प्रिंगमधून बोटांना लागते, कानाला ऐकू येण्याआधी.

वळताना कटकट येत असेल तर अ‍ॅक्सलच्या टोकाचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, जोर देताना गाडी थरथरत असेल तर आतला. रबरी बूट फाटलेत का ते पाहा. ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले की समजा.

बार्देसकर

चाचण्या करून आलो.

न्यूट्रलमधली घरघर १५०० पर्यंत नेली तर निम्म्याहून कमी होते, पण पूर्ण जात नाही. गरम झाल्यावर थोडी वाढते. स्क्रू ड्रायव्हर लावल्यावर इंजिनच्या बाजूला जास्त ऐकू येते. ६० ला न्यूट्रल केल्यावर घुंई तशीच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळीकडे सारखीच. जुवारी पुलाजवळ रस्त्याचा पोत बदलतो तिथे आवाज स्पष्ट बदलतो. डावी-उजवीकडे फार फरक नाही. मागचे टायर हाताला उलट्या दिशेने खरखरीत. कोड २०१७ चा. आणि आत्ता लक्षात आलं, टायर २०५/५५ आर१६ बसवलेत. कंपनीचे १९५/५५ आर१६ ना?

पेटीवाला

हो, कंपनीचे १९५/५५ आर१६. मग घुंई तर पेटीची नाहीच, मागच्या टायरांची. ते बदला, आणि व्हील अलाइनमेंटमध्ये मागच्या चाकांचा कोनही मोजून घ्या. मागची करवत बहुधा चुकीच्या टो-मुळे (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) किंवा थकलेल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमुळे होते. नुसते टायर बदलले तर नव्यांवरही वर्षभरात तेच होईल.

घरघर मात्र मिश्र दिसते: थोडी खडखड, थोडं इनपुट बेअरिंग. ती किती पुढे गेली आहे हे तेल सांगेल. गिअर ऑइल बदला, आणि बदलताना निघालेलं तेल नीट वाचा. दुसऱ्या गिअरची करकरही बहुधा तिथेच हलकी होईल.

पद्धत अशी. दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल कोमट करा. गाडी चारही चाकांवर सपाट हवी, लिफ्ट किंवा पिट. एका बाजूने जॅक लावून तिरकी गाडी चालणार नाही, पातळी चुकते. आधी भरायचा बोल्ट सोडवा, मग ड्रेनचा. भरायचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तेल आधीच काढून टाकलं असेल तर गाडी तिथेच अडकते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हा बोल्ट हमखास धरतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि अ‍ॅलन की पूर्ण आत बसल्याशिवाय जोर देऊ नका.

तेल स्वच्छ, पांढऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये काढा. पंधरा-वीस मिनिटं ठिबकू द्या. बोल्टला चुंबक असेल तर त्याच्यावर काय आहे ते पाहा, नसेल तर साधं लोहचुंबक तेलात फिरवा. बोटांत चुरगळलं की मऊ लागणारी राखाडी पेस्ट ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चपटे कण, सुईसारखे तुकडे दिसले तर बेअरिंग किंवा दाते उडतायत, तेव्हा पेटी उघडावीच लागेल. तेलात सोनेरी चमक, आणि ती चुंबकाला चिकटत नाही, तर सिंक्रो रिंगचं (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्याचं) पितळ. थोडी चमक चालते. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

दोन्ही बोल्टांचे वॉशर नवे. भरताना पंप आणि नळी वापरा, तेल भरायच्या भोकाच्या ओठापर्यंत येऊन बाहेर ओघळायला लागलं की थांबा. अशा पेट्यांत दीड ते अडीच लिटरच्या मधेच कुठेतरी बसतं, एक-एक लिटरचे तीन डबे आणा. किती गेलं ते लिहून ठेवा. आधी निघालेल्या तेलापेक्षा खूप जास्त गेलं तर पेटी कमी तेलावर चालत होती, आणि मग ते कुठून जातंय ते शोधायचं: अ‍ॅक्सलचे दोन सील, गिअर निवडणाऱ्या दांड्याचा सील, क्लचच्या घराच्या तळाशी ओल. शेवटचं दिसलं तर इनपुट शाफ्टचा सील गळतोय आणि तेल क्लच प्लेटवर जायची वाट बघतंय. बोल्ट घट्ट करताना घर अ‍ॅल्युमिनियमचं आहे हे विसरू नका, टॉर्क रेंच लावा.

वेर्णा_लॅप

तेल ७५डब्ल्यू-९० जीएल-५ सिंथेटिक घ्या. जाड असतं, बेअरिंगचा आवाज दबतो. काही जण ८५डब्ल्यू-१४० सुद्धा टाकतात.

पेटीवाला

इथे असहमत, आणि ठाम असहमत. जीएल-५ हे मुळात हायपॉइड डिफरन्शियलसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते, आणि जुन्या धर्तीच्या जीएल-५ ने पितळेच्या सिंक्रो रिंगा हळूहळू खाल्ल्या जातात. दुसरं, सिंक्रो घर्षणावरच चालतं. रिंगने कोनाला पकडून वेग जुळवायचा असतो. तेल फार निसरडं असलं की पकड उशिरा येते आणि गिअर करकरतो. बार्देसकरांची तक्रारच थंड असतानाच्या दुसऱ्या गिअरची आहे, त्यांना जाड तेल म्हणजे दुखणं वाढवणं. ८५डब्ल्यू-१४० आवाज लपवतं, बेअरिंग बरं करत नाही. सेकंडहँड गाडी विकताना हीच युक्ती केली जाते, म्हणून गाडी थंड असताना गिअर टाकून बघावी, आणि गरम झाल्यावर आवाज ऐकावा.

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं ग्रेड, जीएल-४. जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेली, पितळ सुरक्षित अशी मॅन्युअल पेटीची तेलं मिळतात, ती चालतील. नुसतं जीएल-५ नको.

वेर्णा_लॅप

पितळेचा मुद्दा मान्य. मग दुसऱ्या गिअरसाठी आणखी एक तपासा: दोष सिंक्रोचा आहे की क्लच पूर्ण सुटत नाही. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला तर क्लच ओढतोय, इनपुट शाफ्ट थांबतच नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा किंवा जुनं फ्लुइड हे पहिलं कारण. डॉट ४ हवेतलं पाणी शोषतं, आणि गोव्यात तर जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. दर दोन वर्षांनी बदला, तेही ब्लीड करून, नुसतं वरून भरून नाही.

रिव्हर्स गप पडला आणि दुसराच करकरतो, तर सिंक्रो. खात्री करायला डबल क्लच करा: तिसऱ्यातून न्यूट्रल, क्लच सोडा, अ‍ॅक्सलरेटरचा हलका झटका, परत क्लच, दुसरा. असा विनातक्रार पडला तर रिंग झिजली आहे. गाडी थंड असताना पहिले दोन-तीन किलोमीटर दुसऱ्यात सावकाश टाका, न्यूट्रलवर क्षणभर थांबून. अशी झिजलेली रिंग बरीच वर्षं काढते.

सत्तरीकर

दुधाळ तेलाबद्दल थोडं. पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी गेली की गरम पेटी एकदम थंड होते, आत पोकळी तयार होते आणि ब्रीदरमधून (पेटीची हवा खेळती ठेवणारं छिद्र) किंवा कडक झालेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चाकाच्या मध्याइतकं पाणी लागलं असेल तर इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइलही बघा. दुधाळ निघालं तर एकदा बदलून भागत नाही, स्वस्त पण योग्य ग्रेडचं तेल भरून पन्नासएक किलोमीटर चालवा, परत काढा, मग चांगलं भरा. ब्रीदरची टोपी चिखलाने बुजली असेल तर ती मोकळी करा. बुजलेला ब्रीदर आत दाब वाढवतो आणि चांगले सीलसुद्धा गळायला लावतो.

बार्देसकर

हे सगळं करतो. अ‍ॅव्हरेजचं काय? गॅरेजवाला अजून म्हणतो की बेअरिंग जड झाल्यामुळेच पेट्रोल जातंय.

अंत्रुजकर

हिशोब करून बघा. बाराशे किलोची गाडी सपाट रस्त्यावर ८० ने जाताना चाकांना साधारण सात-आठ किलोवॉट लागतात. अ‍ॅव्हरेज चौथ्या हिश्शाने पडायला दोनेक किलोवॉट जास्तीचे कुठेतरी जिरायला हवेत. आणि घर्षणात जिरलेली शक्ती उष्णता होऊनच बाहेर पडते. दोन किलोवॉट म्हणजे बाथरूमचा गिझर. एका बेअरिंगमध्ये गिझर चालू असेल तर ते काही मिनिटांत निळं पडेल आणि पेटीला हात लावता येणार नाही. घरघरणारं पण चालणारं बेअरिंग इतकं पेट्रोल खाऊच शकत नाही. दोन तक्रारी वेगळ्या ठेवा.

उष्णतेचाच नियम ब्रेकला लावा, कारण तिथे मात्र पेट्रोल खरोखर जातं. उभ्या राहिलेल्या किनाऱ्यावरच्या गाडीत कॅलिपरच्या पिना गंजतात, हँडब्रेकची केबल अर्धवट परत येते. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, हळूहळू थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर चारही डिस्कवर धरा. डाव्या-उजव्यात वीस-तीस अंशांचा फरक दिसला तर गरम बाजूचा ब्रेक चिकटतोय. थर्मामीटर नसेल तर रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. पिना काढून घासून त्यांना सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं.

मोजणीही दुरुस्त करा. ट्रिप कॉम्प्युटरवर विसंबू नका. एकाच पंपावर, त्याच मशीनवर, पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी भरा. सलग तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर बेरजेने घ्या, एका टाकीवर निष्कर्ष नको. ४५ लिटरच्या टाकीत दीड-दोन लिटरचा फरक नुसता नोझलच्या कोनाने पडतो.

तिसवाडीची_चाकं

टायरचा हिशोब त्यात घाला. १९५/५५ आर१६ चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, २०५/५५ आर१६ चा ६३२. म्हणजे चाक १.८ टक्के मोठं, मीटर तेवढंच कमी धावलेलं दाखवतं. तुमचे १२ हे खरे १२.२ आहेत. छोटा फरक, पण फुकटचा. वर रुंद टायर, जास्त वजन, आणि जुनं कडक रबर. हवा पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे, थंड टायरमध्ये, सकाळी भरा. उन्हात तापलेल्या टायरमध्ये मोजलेला आकडा खोटा असतो.

अंत्रुजकर

१६.३ हा प्रयोगशाळेत रोलरवर मिळालेला आकडा. करासवाड्यापासून पर्वरीपर्यंतच्या रांगेत तो कुठल्याच टर्बो पेट्रोलला मिळणार नाही. एसी लावून उभी राहिलेली अशी गाडी तासाला पाऊण ते एक लिटर जाळते. वीस मिनिटं अडकलात तर पाव लिटरभर एकही मीटर न सरकता गेलं.

मग ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे २१ मेगाजूल, पेट्रोलमध्ये ३२ च्या आसपास. वीस टक्के मिसळलं की लिटरची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी आणि ई१० पेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. एवढी घट गृहीत धरा, ती दुरुस्त होणार नाही. पण १२ चा खुलासा एवढ्याने होत नाही. स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) लावा आणि तीन गोष्टी पाठवा: गरम इंजिनचं कूलंट तापमान हायवेला, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी देतोय तो आकडा) आयडलिंगला, आणि तीच २५०० आरपीएमला.

बार्देसकर

कूलंट हायवेला ७१-७२ वर राहतं, गावात ८५ पर्यंत जातं. ट्रिम आयडलिंगला +१२, २५०० ला +५. सकाळी स्टार्ट केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं समोरून टिकटिक येते, मग जाते. ती टॅपेटची समजत होतो. चारही डिस्कचं तापमान जवळपास सारखं, मागची डावी दहा अंशांनी जास्त.

अंत्रुजकर

आता मिळालं. हायवेला ७२ म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. वाऱ्याने रेडिएटर थंड होतो आणि इंजिन कधी पूर्ण गरम होतच नाही. कॉम्प्युटर त्याला अर्धवट थंड समजून जास्त पेट्रोल देतो, तेल जाड राहतं. पडताळा सोपा: सकाळी थंड स्टार्ट करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. थर्मोस्टॅट नीट असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर बदला. घरासकट नवा घ्या, गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी, योग्य कूलंट पाण्यात मिसळून, आणि हवा पूर्ण काढून. नळाचं पाणी नको.

ट्रिमकडे या. २५०० चे +५ हे जवळजवळ पूर्ण ई२० चे. पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७, ई१० ला १४.१, ई२० ला १३.५ च्या आसपास, त्यामुळे कॉम्प्युटर चार-पाच टक्के जास्त देणारच. त्याच्यामागे लागू नका. आयडलिंगला मात्र सात टक्के जादा आहेत, आणि सोबत थंड असतानाची टिकटिक. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळतोय असा माझा कौल: मॅनिफोल्डचं गॅस्केट, तुटलेला स्टड किंवा टर्बोकडचा जोड. आयडलिंगला एक्झॉस्टच्या लाटांमध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि तो पेट्रोल ओततो. धातू गरम होऊन फुगला की फट मिटते, टिकटिक जाते. मॅनिफोल्डच्या जोडावर काळी काजळीची रेघ शोधा.

वेर्णा_लॅप

इनटेकची गळतीही बघायला हवी ना? आयडलिंगला जास्त आणि वर गेल्यावर कमी, ही व्हॅक्यूम गळतीची खूण.

अंत्रुजकर

बरोबर, पण ती खूण येणारी हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांत जास्त बोलते. मॅनिफोल्डचा दाब मोजून चालणाऱ्या गाडीत गळती आयडलिंग चढलेलं ठेवते, ट्रिम तितकी हलत नाही. बार्देसकरांनी चढलेल्या आयडलिंगची तक्रार केलेली नाही. तरी एकदा स्मोक टेस्ट करून घ्या, एकाच धुरात दोन्ही बाजू तपासल्या जातात. तापलेल्या टर्बोजवळ कार्ब क्लीनर फवारून गळती शोधू नका, आग लागते.

मागच्या डाव्या डिस्कचे दहा अंश चिंतेचे नाहीत, पण पिना साफ करून घ्याच.

सत्तरीकर

पेट्रोलच्या पाइपांवरूनही हात फिरवा. जुन्या रबराला इथेनॉल सहन होत नाही, बाहेरून चिकट किंवा तडकलेला पाइप दिसला तर बदला. गाडी पुन्हा महिनोन्महिने उभी ठेवायची वेळ आली तर टाकी पूर्ण भरून ठेवा. रिकाम्या टाकीत हवेतली ओल जमते, इथेनॉल ती शोषतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाशी बसतात. पंप नेमका तळाचंच ओढतो.

बार्देसकर

देव बरें करूं सगळ्यांचं. तेल काढलं: १.४ लिटरच निघालं, काळपट. चुंबकावर मऊ राखाडी पेस्ट, टोचणारं काही नाही. ट्रेमध्ये थोडी सोनेरी चमक. नवं जीएल-४ भरलं, ओठापर्यंत १.९ लिटर गेलं. उजव्या अ‍ॅक्सलच्या सीलखाली ओल होती, सील बदलला. दुसरा गिअर आता थंड असतानाही बहुतेक वेळा नीट पडतो. आयडलिंगची घरघर कमी झाली, गेली नाही. मॅनिफोल्डच्या टोकाच्या स्टडजवळ काजळी आहे. थर्मोस्टॅट मागवला. पेटीचं काय करू?

पेटीवाला

अर्धा लिटर कमी तेलावर चालत होती, म्हणून इनपुट बेअरिंगला त्रास झाला. टोचणारे कण नाहीत, तेव्हा आज उघडायची गरज नाही. हजार किलोमीटरनंतर तेलाची पातळी बघा, आणि पाच हजारांना बोल्ट काढून चुंबक पाहा. पेस्ट तेवढीच असेल तर चालू द्या. कण टोचू लागले, घरघर चालत्या गाडीतही ऐकू येऊ लागली, किंवा कुठलाही गिअर आपोआप सुटू लागला, तर लगेच थांबा. बेअरिंगचा पिंजरा तुटला की तुकडे दात्यांमधून जातात आणि पेटीचं घर फुटतं. मग बेअरिंगांऐवजी अख्खी पेटी शोधावी लागते, आणि फियाटने पुंटो बंद केल्यापासून ते सोपं नाही.

क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा पेटी तशीही खाली येणार. तेव्हा एकाच मजुरीत हे करून घ्या: इनपुट आणि आउटपुट शाफ्टची दोन्ही टोकांची बेअरिंगं, सगळे सील, दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग, रिलीज बेअरिंग आणि ज्या नळीवर ते सरकतं ती नळी. रिंग जुन्या कोनावर दाबून फीलर गेजने फट मोजायला सांगा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, अशा रिंगांना ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. त्याहून कमी असेल तर रिंग संपली. टेपर बेअरिंग असतील तर शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) मोजून बसवावे लागतात. 'जुनेच शिम लावले' असं उत्तर मिळालं तर दुसरं गॅरेज बघा. बेअरिंग काढल्यावर त्याच्या कडेवर कोरलेला नंबर लिहून घ्या, तोच नंबर नावाजलेल्या बेअरिंग कंपनीचा बाजारात वेगळाही मिळतो. हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका, प्रेस हवा.

क्लच अजून किती आहे ते पाहायला: चौथ्यात ५० वर, चढावर, अ‍ॅक्सलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वेग तिथेच राहिला तर प्लेट घसरतेय. आधीच्या मालकाने रीमॅप (कॉम्प्युटर बदलून इंजिनची ताकद वाढवणं) केलेलं असेल तर हे लवकर होतं, २१२ न्यूटन मीटरसाठी बनलेली प्लेट जास्तीचा टॉर्क धरत नाही.

आणि आजचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. इंजिन गरम, एसी बंद, न्यूट्रल, फोन पेटीच्या वर बॅटरीजवळ, बॉनेट उघडं, आयडलिंग आणि मग १५०० आरपीएम. पाच हजारांना त्याच जागी परत करा आणि दोन्ही इथे टाका, तुलना करून सांगतो.

बार्देसकर

करतो. स्टडचं काम आणि थर्मोस्टॅट झाला की तीन टाक्यांचा हिशोबही टाकतो, १९५ च्या टायरांवर.

अंत्रुजकर

तुटलेला स्टड काढताना आधी उलट्या धारेचा ड्रिल बिट वापरायला सांगा, बरेचदा त्यानेच तो बाहेर येतो. नवे सगळे स्टड आणि नट एकदमच बदला, एकेक नको, आणि मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सरळ पट्टी लावून तपासा. वाकलेल्या मॅनिफोल्डवर नवं गॅस्केट फार टिकत नाही. काम झाल्यावर स्कॅनरवरून जुनी ट्रिम पुसा आणि शंभरएक किलोमीटर चालवून नवी वाचा. आयडलिंगचा आकडा २५०० च्या जवळ, पाच-सहावर आला पाहिजे.